1974 चा इंटरकॉन्टिनेंटल कप नक्की कोणाचा?

गंगापूर रोडकर

नमस्कार. गेल्या रविवारी कॉलेज रोडवर झालेल्या एका प्रश्नमंजूषेत आमचा संघ एका गुणाने हरला. युरोप आणि दक्षिण अमेरिका या खंडांच्या विजेत्या फुटबॉल क्लबांमध्ये पूर्वी होणारा इंटरकॉन्टिनेंटल कप 1974 साली कोणी जिंकला, असा प्रश्न होता. आम्ही अॅटलेटिको माद्रिद असे लिहिले आणि परीक्षकांनी ते चूक ठरवले. त्या वर्षीचा युरोपियन कप, म्हणजे युरोपचा विजेता क्लब ठरवणारी स्पर्धा, जर्मनीच्या बायर्न म्युनिकने जिंकली होती, तेव्हा अॅटलेटिको या लढतीत असेलच कसे, असा त्यांचा सवाल होता. उत्तर मला ठाऊक होते, कारण मात्र सांगता येईना. चहा संपेपर्यंत माझ्याच संघातले दोघे परीक्षकांच्या बाजूचे झाले. कोणी नीट उलगडून सांगेल का?

देवळाली कॅम्प

आपले उत्तर बरोबर आहे. युरोपियन कप बायर्ननेच जिंकला होता आणि तोही अॅटलेटिकोला हरवून. ब्रुसेल्सच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत लुईस अरागोनेसने फ्री किकवर गोल करून अॅटलेटिकोला आघाडी मिळवून दिली होती, पण अगदी शेवटच्या क्षणी श्वार्झेनबेक या बायर्नच्या बचावपटूने लांबून मारलेला फटका जाळ्यात गेला, आणि दोन दिवसांनी पुन्हा खेळवलेल्या सामन्यात बायर्नने 4-0 असा विजय मिळवला. पुढे तारखा जुळत नसल्याने बायर्नने इंटरकॉन्टिनेंटल कप खेळण्यास नकार दिला, आणि अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंटेसमोर उपविजेता अॅटलेटिको उभा राहिला. स्पर्धा 1974 ची, पण दोन्ही सामने 1975 मध्ये झाले: मार्चमध्ये इंडिपेंडिएंटेने घरच्या मैदानावर 1-0 असा विजय मिळवला, तर एप्रिलमध्ये माद्रिदला अॅटलेटिकोने 2-0 अशी परतफेड केली आणि एकूण 2-1 अशा फरकाने कप जिंकला. त्या वेळी अॅटलेटिकोचे प्रशिक्षक होते अरागोनेसच, जे काही महिन्यांपूर्वीच खेळाडू म्हणून निवृत्त झाले होते. मला तर या स्पर्धेतली हीच सर्वांत सुरस गोष्ट वाटते.

सातपूरचा गोलरक्षक

बायर्नचा नकार एकट्याचा नव्हता. अयाक्सने 1971 आणि 1973 मध्ये, लिव्हरपूलने 1977 मध्ये, तर नॉटिंगहॅम फॉरेस्टने 1979 मध्ये अंग काढून घेतले. 1975 आणि 1978 मध्ये तर स्पर्धाच झाली नाही. लांबचा प्रवास आणि भरगच्च वेळापत्रक ही कारणे होतीच, पण धास्ती मोठी होती. 1967 मध्ये ब्युनॉस आयर्सला सामना सुरू होण्यापूर्वीच स्कॉटलंडच्या सेल्टिकचा गोलरक्षक रॉनी सिम्पसन याच्या डोक्यावर कोणीतरी फेकलेली वस्तू बसली आणि राखीव गोलरक्षकाला उतरवावे लागले. 1969 मध्ये अर्जेंटिनाच्या एस्टुडियंटेसच्या खेळाडूंनी इटलीच्या मिलानच्या नेस्टर कोम्बिनचे नाक फोडले, आणि त्या सामन्यातील वर्तनाबद्दल त्यांच्यापैकी काहींना तुरुंगात जावे लागले. 1980 च्या स्पर्धेपासून ती टोकियोच्या त्रयस्थ मैदानावर एकाच सामन्यात आटोपण्याची पद्धत आली, तेव्हा कुठे युरोपचे विजेते पुन्हा नियमाने येऊ लागले.

पंचवटीकर

वरील मुद्दे मान्य, परंतु सगळे खापर दक्षिण अमेरिकेवर फोडू नये. 1967 च्या निर्णायक तिसऱ्या सामन्यात मैदानाबाहेर घालवलेल्यांत सेल्टिकचे खेळाडूच अधिक होते. 1973 मध्ये अयाक्सऐवजी आलेल्या युव्हेंटसने रोममध्ये एकच सामना होईल या अटीवर होकार दिला, इंडिपेंडिएंटेने ती अट स्वीकारली आणि तेथे जाऊन बोचिनीच्या गोलवर 1-0 असा विजय मिळवला. पाहुण्या संघावर अन्याय होतो ही तक्रार एकाच बाजूची नव्हती.

गंगापूर रोडकर

सर्वांचे आभार. परीक्षकांशी फोनवर बोलणे झाले. बायर्नने 1976 मध्ये ब्राझीलच्या क्रुझेरोला हरवून हा कप जिंकला, त्याच्याशी आपली गल्लत झाली हे त्यांनी मान्य केले, पण निकाल बदलणार नाही. वर ते म्हणतात, की ही स्पर्धा फिफाची नव्हतीच, त्यामुळे अॅटलेटिकोला जगज्जेता म्हणता येणार नाही.

देवळाली कॅम्प

स्पर्धा युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल महासंघांची होती, हे खरे. मात्र 1960 ते 2004 या काळातील तिच्या सर्व विजेत्यांना फिफाच्या परिषदेने ऑक्टोबर 2017 मध्ये जगज्जेते म्हणून मान्यता दिली, आणि त्यात अॅटलेटिकोही आला. ती बैठक कोलकात्यात झाली होती, हेही त्यांच्या कानावर घाला.