मदत हवी आहे: शेटलंड बेटांवर वर्षभर वन्यजीव-चित्रीकरण

नमस्कार. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर निरनिराळ्या ऋतूंत वन्यजीवांचे चित्रीकरण करण्याचा माझा विचार असून त्याबाबत अनुभवी सदस्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

पफिन पक्षी एप्रिलपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत कड्यांवर अगदी जवळून दिसतात, त्यामुळे त्यांची फारशी काळजी नाही. खरी अडचण पाणमांजरांची आहे. तेथील पाणमांजरे समुद्रात, बहुधा दिवसाउजेडी शिकार करतात आणि फरमधील मीठ धुण्यासाठी गोड्या पाण्यावर येतात. मात्र त्यांचे नाक फार तीक्ष्ण असल्याने वाऱ्याची दिशा सांभाळावी लागते. शिवाय त्यांना कायद्याचे कडक संरक्षण आहे. त्यांच्या बिळांपासून दूर राहून, केवळ किनाऱ्यावर दबा धरून चित्रीकरण करायचे असल्यासही परवाना लागतो का?

दुसरा प्रश्न मूसा बेटाचा. तेथील लोहयुगीन दगडी बुरुजाच्या फटींत स्टॉर्म पेट्रेल हे छोटे समुद्रपक्षी घरटी करतात आणि रात्रीच ये-जा करतात. जूनमध्ये रात्र पूर्ण काळोखी होत नाही, तरीही तो संधिप्रकाश कॅमेऱ्याला अपुराच पडणार. अशा वेळी दिवा न वापरता कोणती लेन्स आणि किती आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ठेवावा?

डिसेंबरमध्ये दिवस सहा तासांहूनही लहान असतो, आणि वारा तर विचारूच नका. तेव्हा ट्रायपॉड स्थिर ठेवण्याचे उपायही कृपया सुचवावेत. ड्रोन मी मुद्दामच वगळला आहे, कारण घरट्यांजवळ तो नकोच.