तोफखान्यातून निवृत्त झाल्यावर विधानसभेची वाट

तोफची : २४ वर्षे तोफखान्यात काढून मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो असून देवळाली कॅम्पात राहतो, मूळ गाव सिन्नर तालुक्यात आहे. विधानसभेची पुढची निवडणूक लढवावी असे मनात आहे, परंतु सेवेत राजकारणापासून दूर राहण्याचीच शिस्त अंगवळणी पडल्याने सुरुवात कोठून करावी हे कळत नाही. निवृत्तिवेतनामुळे अडचण येते का? देवळालीतून अर्ज भरता येईल का?

गोदाकाठ : सुभेदार साहेब, निवृत्तिवेतनाची अडचण नाही. राज्यघटनेच्या १९१व्या अनुच्छेदाचा रोख लाभाच्या पदावर, म्हणजे मोबदला मिळणाऱ्या सरकारी पदावर आहे, निवृत्तिवेतनावर नाही. मात्र निवृत्तीनंतर पुन्हा सरकारी नोकरी धरली असेल, तर अर्ज भरण्यापूर्वीच तिच्यातून मोकळे झालेले बरे. देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. आपण त्या प्रवर्गातील नसाल, तरी राज्यात कोठेही मतदार असलेल्या व्यक्तीला सर्वसाधारण जागा लढवता येत असल्याने सिन्नर आपल्याला खुले आहे. आधी मतदारयादी तपासा, कारण सेवेतील मतदार म्हणून असलेली नोंद निवृत्तीनंतर चालत नाही, नमुना ६, म्हणजे मतदार म्हणून नव्याने नाव नोंदवण्याचा अर्ज, भरावा लागतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातील दहा सूचक लागतात. अनामत १०,००० रुपये, आणि खर्चाची मर्यादा ४० लाख.

सिन्नरकर : माझे चुलते हवालदार म्हणून परतले, तेव्हा रिवाजाप्रमाणे गावाने त्यांना ‘मेजर’ करून टाकले, हार घातले, ध्वजारोहणाला बोलावले, पण विकास सोसायटीच्या निवडणुकीत ते पडले, कारण वीस वर्षांत ते कोणाच्या लग्नाला वा दहाव्याला आले नव्हते आणि पाण्याच्या पाळीवरून कोणाचे कोणाशी वाकडे आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे वीरपत्नींची अडकलेली पेन्शन प्रकरणे घेऊन ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या खेपा घालू लागले आणि त्या ओळखीवर ग्रामपंचायतीत निवडून आले. आपणही तेथूनच आरंभ करावा. फक्त सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेले असेल तर ग्रामपंचायत लढवता येत नाही. विधानसभेला ही अट नाही, हे विचित्र आहे खरे.

जुना नाशिककर : कोणी भुवनचंद्र खंडुरी किंवा अमरिंदर सिंग यांचे दाखले दिले तर फार मनावर घेऊ नका. खंडुरी मेजर जनरल होते आणि २००७ मध्ये उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले, पण ते उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री राहिलेल्या हेमवतीनंदन बहुगुणांचे भाचे. पंजाबचे माजी मुख्यमंत्री अमरिंदर सिंग कॅप्टन असले तरी पटियाळाच्या राजघराण्यातले. सुभेदाराला तसे घर मागे नसते, त्यामुळे सिन्नरकरांचे चुलतेच आपल्याला अधिक जवळचे. आणखी एक, प्रचारफलकांवर सैनिकांची छायाचित्रे छापू नयेत, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे.

तोफची : सर्वांचे आभार. माझी तिसरी मुलगी २००५ सालची, म्हणजे सरपंचकीची वाट बंद आणि आमदारकीची उघडी! नमुना ६ देवळालीच्या पत्त्यावर या आठवड्यात भरतो. गावातल्या दोन वीरपत्नींची कागदपत्रे मात्र त्याआधी मागवून घेतली आहेत.