आधी चिप ओळखा, बोर्ड नंतर बदला

नव्या मदरबोर्डावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली टाकली, केबल लावली तरी नेटवर्क दिसत नाही, म्हणून बोर्डच परत करा असा सल्ला या चर्चेत वर आलाय. कृपया इतकी घाई करू नका. लिनक्सला बोर्डाच्या नावाशी फारसं देणंघेणं नसतं, त्यावरच्या चिपांशी असतं.

टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही कमांड 'एनएनके' पर्याय लावून (lspci -nnk) चालवा. नेटवर्कच्या नोंदीखाली कुठला ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) वापरात आहे ते दिसेल. तिथे नावच नसेल, तर तुमच्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ती चिप बहुधा ओळखताच येत नाही. रिअलटेकची २.५ गिगाबिटची नेटवर्क चिप आरटीएल८१२५ उदाहरणादाखल घ्या: कर्नलमधल्या ड्रायव्हरमध्ये तिला आधार मिळाला २०१९ च्या ५.४ आवृत्तीत. त्याआधीच्या कर्नलवर तोच बोर्ड 'सदोष' वाटला असता. डेबियन १२ मूळ ६.१ कर्नलवर आहे, त्यामुळे तुमची चिप त्याहून नवी असेल तर बॅकपोर्ट्समधला (याच डेबियनसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या साठ्यातला) कर्नल घाला. तेवढ्यापुरतं इंटरनेट फोनच्या यूएसबी टेदरिंगने मिळतं, माझं तरी त्यानेच भागलं.

ड्रायव्हर दिसतोय पण काम करत नाही? मग 'डीमेसेज'मध्ये (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) फर्मवेअरची, म्हणजे चिपला लागणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरची, तक्रार शोधा. बाहेरून ड्रायव्हर बांधून घातला असेल तर सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणारी सोय) त्याला अडवतं, तेही तपासा.

आणि ज्यांना इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसत नाही त्यांनी बायोसमध्ये डिस्क जोडण्याच्या पद्धतीत आरएसटी किंवा रेडऐवजी एएचसीआय निवडून पाहावं. मात्र त्याच डिस्कवर विंडोज असेल तर आधी बॅकअप घ्याच, कारण या बदलानंतर विंडोज सुरू न होण्याची शक्यता असते.

'एलएसपीसीआय'चं आउटपुट इथे टाका, चिपचा क्रमांक कळला की नेमकं सांगता येईल.