मदत हवी आहे: इंग्रजीत क्रियापदाले ईडी (-ed) लावूनही पोरीची वाक्यं चुकली, पेपर उद्या हाय

कास्तकार_दिग्रस: पोरगी आठवीत हाय, सेमीत. सरावाच्या पेपरात भूतकाळ करा म्हनलं होतं, तिनं ईडी लावलं तरी दोन वाक्यं चुकीची देल्ली. मंग लावाव तरी काय? सरांचा फोन लागून नाही राहिला, पेपर उद्या सकाळी हाय, लवकर सांगा कोणी.

पुसदची_ताई: भाऊ, वाक्य तर टाका. क्रियापद कोणतं?

रानपाखरू: ईडी सगळ्याइले लागतच नाही. गो चं वेंट होते, ईट चं एट. तीन रूपाइचा तक्ता भिंतीवर लावा, रोज 10 पाठ करू द्या, मी तसाच शिकलो.

कास्तकार_दिग्रस: तक्ता येते तिले. वॉटर होतं, पाणी देनं. वॉटर्ड लिवलं.

जुना_मास्तर: वॉटर नियमित आहे, वॉटर्ड बरोबरच. स्पेलिंग बघा. स्टॉपला पी दोनदा येतो, स्टडीचा वाय जाऊन आय होतो, पण प्ले चा वाय तसाच राहतो कारण त्याच्या आधी स्वर आहे. वॉटरमधे शेवटचा आर एकदाच.

रानपाखरू: अन् वॉक्ड म्हनत नाही, वॉक्ट म्हनते. वॉन्टेडमधेच इड ऐकू येते.

पुसदची_ताई: उच्चार कोणी विचारला? भाऊ, पूर्ण वाक्य टाका.

कास्तकार_दिग्रस: घ्या. "माय फादर हॅड वॉटर्ड द कॉटन यस्टर्डे." दुसरं, "ही डिड नॉट वॉटर्ड द चिलीज."

पुसदची_ताई: सापडलं. आपण बोलतो काल बाबांनी पऱ्हाटीले पाणी देल्लं होतं, ते "होतं" आलं की पोरं हॅड घालतात, मी पण शाळेत हेच करायची अन् कोणी कारण सांगत नव्हतं. इंग्रजीत काल झालं, संपलं, की नुसतं वॉटर्ड. हॅड तेव्हा, जेव्हा झालेल्या दोन गोष्टींतली आधीची सांगायची. लाईन जायच्या आधी बाबांनी पाणी देऊन टाकलं होतं, इथं हॅड वॉटर्ड. दुसऱ्या वाक्यात भूतकाळ डिडनंच घेतला, मग वॉटर मूळचंच राहते.

जुना_मास्तर: हॅड वॉटर्डला सरसकट चूक म्हणता येत नाही. मागचं वाक्य पाहिल्याशिवाय कसं सांगणार?

पुसदची_ताई: सर, मागं काही असतं तर भाऊंनी टाकलं असतं. एकट्या वाक्याले मार्क जाणारच.

वावर_आमचं: पऱ्हाटीले पाणी देनं सुरू हाय का तुमच्याइकडे? आमची लाईन या आठवड्यात रात्रीची हाय, रात्रभर जागनं होते.

कास्तकार_दिग्रस: वावराचं मंग बोलू भाऊ. ताई, तिनं आता प्रश्न लिवला, "डिड युवर फादर वॉटर्ड". हे पण चूकच ना मंग?

पुसदची_ताई: हो, तेपण. डिड युवर फादर वॉटर. अशी पाच वाक्यं तिच्याकडून आताच लिहून घ्या, एक डिडचं, एक बिना डिडचं, अन् मले टाका, मी जागी आहे 11 वाजेपर्यंत.