कंपनीचं नाव आणि लोगो बदलला की आतलं कल्चर पण बदलतं का?

हिंजवडी_फेज_३
नमस्कार मंडळी. आमच्या कंपनीचं रिब्रँडिंग चाललंय. नाव नको, मोठी टेक कंपनी आहे एवढं पुरे. नवीन नाव, नवीन लोगो, जुनी लॅनयार्ड (आयडी कार्डाच्या गळ्यातल्या पट्ट्या) जमा करून नवीन घ्यायची, आणि सोबत व्हॅल्यूजची नवी यादी, त्यात बोल्ड, एजाइल, ओपन वगैरे नेहमीची मंडळी आहेतच. आता मॅनेजरने मला पकडलंय, म्हणतो टीमचं मत गोळा करून लिहून दे की नवीन ओळख आपल्या कल्चरला शोभते का. टीमचं मत इथे लिहिण्यासारखं नाहीये 😀 म्हणून तुम्हाला विचारतोय. फेसबुकचं मेटा झालं, ट्विटरचं एक्स झालं, गूगलच्या डोक्यावर अल्फाबेट नावाची पालक कंपनी आली, तर एवढ्या अवाढव्य कंपन्यांत नाव बदलून आतल्या माणसांच्या वागण्यात खरंच काही फरक पडतो का, की नुसता रंगरंगोटीचा खर्च?

सर्व्हर_डाऊन
मेटाचंच घ्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये नाव बदललं, तेव्हा फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी बाईने बाहेर काढलेल्या कागदपत्रांवरून कंपनी सगळीकडून शिव्या खात होती, त्यामुळे बाहेरच्या लोकांनी लगेच तर्क केला की तोंड लपवायला नाव बदललं. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये झुकरबर्गने नवीन व्हॅल्यूज जाहीर केल्या. त्यात पहिली कुठली, तर मूव्ह फास्ट! म्हणजे जी फेसबुकची सुरुवातीपासूनची ओळख तीच. पूर्वी त्याच्यापुढे ब्रेक थिंग्ज असायचं, ते २०१४ मध्येच काढून टाकलं होतं. नवीन काय आलं तर मेटा, मेटामेट्स, मी. म्हणजे आधी कंपनी, मग सहकारी, मग मी स्वतः. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ११ हजार मेटामेट्सना घरी पाठवलं, पुढच्या मार्चमध्ये आणखी १० हजारांची घोषणा. ज्या मेटाव्हर्ससाठी, म्हणजे व्हीआर चष्म्यातल्या आभासी जगासाठी, नाव घेतलं, त्याचं काम करणाऱ्या रिअॅलिटी लॅब्स विभागाचा २०२२ चा तोटा १३ अब्ज डॉलरच्या वर.
लग्नात नवरीचं नाव बदलतात ना तांदळात अंगठीने लिहून, तसं आहे हे. सासरच्या कागदावर नवीन, माहेरचे सगळे जुन्याच नावाने हाक मारणार.

ऐरोली_लोकल
आमच्या इकडचं उदाहरण देतो. पटनी कॉम्प्युटर्स ही आयटी कंपनी. २०११ मध्ये आयगेटने घेतली, मग काही काळ आयगेट पटनी, मग नुसतं आयगेट, मग २०१५ मध्ये कॅपजेमिनीने आयगेटच विकत घेतली. त्या काळात जे आत होते त्यांची आयडी कार्डं बदलत गेली पण क्लायंट तोच, प्रोजेक्ट तोच, डबा खायची गँग तीच. कल्चर म्हणाल तर ते प्रोजेक्टवर अवलंबून असतं हो, बिलिंग कसं आहे, डिलिव्हरी मॅनेजर कोण आहे. नाव बदलल्याने पहिला फरक कुठे पडला तर होम लोनच्या फाइलमध्ये, बँकवाला विचारायचा तुम्ही नक्की कुठे नोकरी करता.

तिखट_मीठ
सर्व्हर_डाऊन भाऊ, मेटाबद्दल अर्धंच पटलं. सगळी कंपनी एका नव्या दिशेला जुंपायची ही झुकरबर्गची जुनी सवय आहे, २०१२ च्या सुमारास मोबाइलसाठी पण असंच केलं होतं. मग नाव बदलणं हे त्याच कल्चरला धरून नाही का? पुढे मेटाव्हर्सचं काय झालं हा वेगळा मुद्दा.
आणि खरं सांगू का, कल्चरला सगळ्यात जास्त शोभलेलं रिब्रँडिंग म्हणजे एक्स. हसू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये मस्कने ४४ अब्ज डॉलर देऊन कंपनी घेतली, आठवडाभरात साधारण निम्मी माणसं काढली, मग उरलेल्यांना मेल की एकदम हार्डकोर काम करायचं असेल तर होय म्हणा नाहीतर तीन महिन्यांचा पगार घेऊन निघा. बरेच निघाले. नाव कधी बदललं, तर जुलै २०२३ मध्ये, म्हणजे जुनं कल्चर संपल्यावर. ट्विटरच्या लोगोतल्या चिमणीसाठी रडायला आत फार कोणी उरलंच नव्हतं. आणि बदललं पण कसं, सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑफिसवरची अक्षरं काढायला क्रेन आली, पोलिसांनी मध्येच काम थांबवलं, आणि भिंतीवर शेवटची दोनच अक्षरं लटकत राहिली. नंतर छतावर लखलखणारा भला मोठा एक्स लावला, शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, तो पण काही दिवसांत उतरवला. आता ह्यापेक्षा कंपनीच्या स्वभावाला जुळणारी सुरुवात कुठली असणार 😂
चांगलं कल्चर म्हणत नाहीये मी, जुळणारं म्हणतेय.

बेलकर्व्हग्रस्त
मायक्रोसॉफ्ट कसं कोणाला आठवलं नाही? ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांनी लोगो बदलला, २५ वर्षांत पहिल्यांदा, ते चार रंगांचे चौकोन. पण तेव्हा आत काय चालू होतं तर स्टॅक रँकिंग, म्हणजे टीममधले सगळे कितीही भारी असले तरी कोणाला तरी तळात टाकायचंच, मग लोक बाहेरच्या कंपनीशी लढायचं सोडून शेजारच्या डेस्कशी लढणार. लोगो आला तरी सव्वा वर्ष हे तसंच. नोव्हेंबर २०१३ मध्ये ते बंद केलं, फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नडेला सीईओ झाले, आणि ज्या लिनक्सला (फुकट, खुली ऑपरेटिंग सिस्टीम) आधीचे सीईओ बाल्मर यांनी २००१ मध्ये कॅन्सर म्हटलं होतं त्यावर प्रेम आहे असं नडेला स्टेजवरून सांगायला लागले, २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला गिटहब ही प्रोग्रामरांची कोड ठेवायची साइट घेतली. हा सगळा बदल होताना लोगोला कोणी हात लावला नाही, आजही तेच चौकोन आहेत.
गूगलने तर अजून शहाणपणा केला. २०१५ मध्ये वर अल्फाबेट ठेवलं, पण गूगलमधल्या माणसाला तू आता अल्फाबेटवाला झालास असं कोणी सांगायला गेलं नाही. शेअर बाजारातला टिकर (शेअरचं छोटं नाव) पण गूगलच्याच नावाचा ठेवला. फेसबुकने मात्र २०२२ मध्ये टिकरसुद्धा बदलून मेटा केला.
तेव्हा हिंजवडीवाले, लॅनयार्ड सोडा, रेटिंग कसं ठरतं ते बदलतंय का बघा. यादीत ओपन लिहिलंय ना, मग मीटिंगमध्ये व्हीपीच्या (व्हाइस प्रेसिडेंटच्या) विरोधात बोललेल्या माणसाचं वर्षअखेरीला काय होतं?

हिंजवडी_फेज_३
त्याचं काय होतं ते माहितीये, तो आता दुसऱ्या कंपनीत आहे 😅 सगळ्यांना धन्यवाद. असं लिहितो की नाव-लोगो बद्दल टीमला तक्रार नाही, फक्त नवीन व्हॅल्यूजप्रमाणे अप्रेझलचा फॉर्म आणि बेल कर्व्ह (ठरलेल्या टक्केवारीत रेटिंग वाटायची पद्धत) कधी बदलणार तेवढं टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये, सांगावं. चालेल का?

ऐरोली_लोकल
चालेल की. फक्त तुमचं स्वतःचं अप्रेझल होऊन जाऊ दे आधी, मग मेल टाका.