इंजिन बदलण्याआधी थांबा
‘जुन्या फियाटमध्ये नवं इंजिन बसवा, कटकट संपेल’ हा सल्ला मला अजिबात पटला नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळतो, पण चासी (गाडीचा सांगाडा), बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. व्हिंटेज नोंदणी झाल्यावर रोजच्या वापराला मात्र ती गाडी काढता येत नाही.

आमची फियाट 1100 डिलाइट बाबांची. तिचं 1089 सीसीचं मूळ इंजिन मिस्त्रींच्या मदतीने दुरुस्तीसाठी अंगणातच उतरवलं. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल येण्याची बारीक छिद्रं) लेकीने साफ केले, स्टिअरिंगजवळचा गिअर कसा टाकायचा ते तिला आजोबांनी शिकवलं. गाडी सुरू झाली तेव्हा बाबा बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे होते.