पेट्रोल आपलं आपण भरावं का पंपावरच्या पोराकडून?

अमळनेरचे_आप्पा

राम राम मंडळी. तीस वर्षं एसटी चालवली, पण डिझेलचं नोझल कधी हातात धरलं नाही. डेपोत गाडी भरून मिळायची.

मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे न्यू जर्सीला दोन महिने होतो. पहिल्यांदा जावयांबरोबर पंपावर गेलो तर पोरगा गाडीजवळ आला, कार्ड घेतलं, भरलं, पावती दिली. म्हटलं, हे तर आपल्या धुळ्यासारखंच! जावई म्हणाले, आप्पा, अख्ख्या अमेरिकेत आता हे एकच राज्य उरलंय जिथे गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे. आग लागू नये म्हणून 1949 साली केलेला कायदा. ओरेगॉनमध्येही 1951 पासून बंदी होती, ती 2023 च्या ऑगस्टात उठली.

पुढच्या रविवारी फिलाडेल्फियाला निघालो. मध्ये डेलावेअर नदी. पूल ओलांडला की राज्य बदललं, आणि पंपावर चिटपाखरू नाही! मी म्हटलं, मी भरतो. कार्ड सरकवलं तर मशीन जावयांच्या घरचा पिनकोड मागायला लागलं. मग पेट्रोलच्या दर्जाप्रमाणे 87, 89, 93 अशी तीन बटणं. 87 दाबलं. टाकी भरल्यावर नोझल आपोआप टक्कन बंद झालं, तिथेच थांबायचं ना! मी ड्रायव्हरचा हात चालवला, राउंड फिगर करायला आणखी दाबलं. बुटावर पेट्रोल. पोरगी घरापर्यंत नाकाला ओढणी लावून बसली होती.

हे आत्ता सांगायचं कारण असं की, परत आल्यावर इकडच्या एका पंपावर (नाव नको) पाचशेचं सांगितलं. पोराने दोनशेवर थांबवलं. “दोनशेच ना काका?” म्हटलं, पाचशे. तर झिरो न करता तिथूनच पुढे तीनशेपर्यंत नेलं आणि म्हणे, “झाले पाचशे.” मी तेव्हा पाकिटात नोटा शोधत होतो. घरी जाऊन काटा पाहिला तेव्हा कळलं, पेट्रोल तीनशेचंच पडलंय.

तर प्रश्न हा की आपल्याकडे स्वतः भरायची सोय झाली तर बरं होईल का?

स्कूटी_जळगाव

आप्पा, अजिबात नको. मे महिन्यात पारा 45 च्या वर, मागे ऑफिसची घाई, सीट उचलायची, डबा-पर्स हातात, त्यात नोझल पण मीच धरू? आणि अमेरिकेत गाड्या एकामागे एक उभ्या असतात. आपल्याकडे एका मशीनभोवती चारी बाजूंनी बाईक घुसतात. पहिला नंबर कोणाचा यावरूनच भांडणं होतील. मला तर तो पोरगा तिथे रेफरी म्हणूनच हवा.

नोझलवाला

आप्पा, मी बी.कॉम.ची तीन वर्षं धुळ्याजवळ हायवेवरच्या पंपावर रात्रपाळी करून काढली, म्हणून लिहितो.

तुमच्या बाबतीत झालं ते चुकलंच, त्याला मी पांघरूण घालणार नाही. पण आमची दुसरी बाजूही ऐका. शिफ्ट संपली की मीटरचं रीडिंग आणि गल्ला जुळवायचा. कमी भरला तर ‘शॉर्ट’, आणि शॉर्ट पगारातून. एकदा मी डिझेल गाडीत पेट्रोल घातलं. गाडीवाला झोपेत होता, त्याने सांगितलंच नाही, मी विचारलंच नाही. चावी फिरवायच्या आत लक्षात आलं म्हणून नुसती टाकी रिकामी करण्यावर भागलं. तो खर्च दोन महिने फेडला. स्वतः भरलं असतं तर तो खर्च त्याचा होता, एवढं लक्षात ठेवा.

लोकांच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसल्यात. एक, शंभरऐवजी एकशेदहाचं टाकायचं म्हणजे फसत नाही. अहो, मशीनला शंभर काय नि एकशेदहा काय! आकडा झिरो आहे का ते बघा, ते महत्त्वाचं. दुसरं, पहाटे गारव्यात भरलं की जास्त मिळतं. टाक्या जमिनीखाली असतात, तिथे पहाट आणि दुपार यात नावापुरताच फरक.

खरी तपासणी पाच लिटरच्या मापाची. पंपावर वैधमापनचा (वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का असलेलं माप ठेवावंच लागतं, आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला 25 मिलीपर्यंत फरक चालतो, त्यापेक्षा कमी भरलं तर तक्रार करा. तीन वर्षांत माझ्याकडे हे माप किती जणांनी मागितलं सांगू? दोघांनी. त्यातला एक दारू प्यायलेला होता.

बाकी आम्ही “भाऊ, झिरो देखी ल्या” म्हणायचो तेव्हा नव्वद टक्के लोक मोबाईलमध्येच.

नवापूरकर

आमच्याकडे हा वादच नाही 😄 सीमा ओलांडून गुजरातमध्ये गेलो की लिटरमागे चांगले पैसे वाचतात. कोणी का भरेना! ट्रकवाले तर महाराष्ट्रात टाकी अर्धीच ठेवतात.

स्कूटी_जळगाव

@नोझलवाला, तो दारू प्यायलेला बरोबर निघाला की चूक?

नोझलवाला

बरोबर. माप ठीक आलं, तर त्याने माझी गळाभेट घेतली.

अमळनेरचे_आप्पा

परवा त्याच पंपावर गेलो. बायको म्हणाली, कशाला उगाच, पण गेलो. पाच लिटरचं माप मागितलं. मॅनेजर जरा गडबडला, मग आतून आणलं, ओलं फडकं मारून पुसलं. मशीनवर बरोबर 5.00 आल्यावर थांबवलं. मापाच्या गळ्यातल्या पट्टीवर चष्मा लावून वाकून पाहिलं, खुणेच्या दहा मिली खाली. म्हणजे चालण्यासारखं. मशीन सरळ होतं, वाकडा त्या दिवशीचा हात होता. तो पोरगा आता तिथे नाही म्हणे. मापातलं पेट्रोल माझ्यासमोर परत त्यांच्या टाकीत ओतलं.

मागे सात-आठ बाईक थांबल्या होत्या, हॉर्न चालू. एक तरुण मात्र पुढे येऊन म्हणाला, “काका, हे असं मागता येतं?”

आता नवीन पोरगा लांबूनच माझी गाडी ओळखतो आणि नोझल उचलायच्या आधी ओरडतो, “आप्पा, झिरो!”